जुन्या गेम कॅसेटवरचे स्टिकर आणि चिकटा: मूळ लेबल न फाडता काढायचा कसा?

शाहूपुरी_कॅसेट

मंडळी, एका बंद झालेल्या गेम पार्लरमधल्या पस्तीसेक कॅसेट हाती लागल्यात. बहुतेक पिवळ्या, ६० पिनांच्या, आपल्याकडच्या टीव्ही गेमला लागायच्या त्या. बाकी गेम बॉयच्या करड्या आणि मेगा ड्राइव्हच्या काळ्या आहेत. चालतात की नाही ते नंतर बघू, आधी वरचा थर काढायचाय.

जवळजवळ प्रत्येकीवर नंबराचा गोल कागदी स्टिकर आहे आणि तो नेमका गेमच्या चित्रावर डकवलाय. काहींच्या कडेनं पॅकिंगची खाकी टेप गुंडाळलेली. तिचा वरचा पापुद्रा सहज निघतो, पण खालचा पिवळा चिकटा तसाच राहतो आणि बोट लावलं की तार सुटते. काहींवर साधी सेलोटेप होती, ती वाळून काचेसारखी कडक झालीय. दोन-तीन कॅसेटच्या मागं फोमची डबल टेप आहे. चिकट्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसून तो काळा पडलाय, हे वेगळंच. मार्करनं आकडेही टाकलेत, काही प्लास्टिकवर आणि काही लेबलवर.

हार्डवेअरवाला म्हणतो थिनर ने, दोन मिनिटांत साफ. घरात खोबरेल, रॉकेल, स्पिरिट, हेअर ड्रायर एवढं आहे. काय वापरू आणि कुठं काय टाळू? मूळ लेबलं वाचली पाहिजेत, ही मुख्य अट.

मंगळवारपेठ_८बिट

थिनर अजिबात नको भावा. नुसत्या प्लास्टिकवर टेपचा चिकटा असेल तर डब्ल्यूडी-४० कापसाला लाव, दहा मिनिटं बसू दे आणि पूस. गाडीच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. थेट कॅसेटवर फवारू नको, फटीतून आत पिनांवर जातो. लेबलच्या आसपास तर नकोच, कागद तेल पितो आणि तो डाग पुन्हा निघत नाही.

उद्यमनगर_केमिकल

थिनर का नको, ते नीट सांगतो. म्हणजे दुकानदारानं दुसऱ्या नावाची बाटली पुढं केली तरी फसायला होणार नाही.

या कॅसेटचं कवच बहुतेक एबीएस प्लास्टिकचं असतं, स्वस्तातल्या क्लोन कॅसेटचं कधीकधी पॉलिस्टायरीनचं. पेंटच्या दुकानातल्या एनसी थिनरमध्ये टोल्यूइन, एस्टर, कीटोन असं मिश्रण असतं आणि यातलं प्रत्येक द्रव्य ही दोन्ही प्लास्टिकं विरघळवतं. चिकटा दोन मिनिटांत जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर प्लास्टिकचा वरचा थरही जातो. खाली पांढरट, मऊ पडलेला पट्टा राहतो आणि कवचावरची बारीक खरखर सपाट होते. ती परत आणता येत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचंही हेच. ‘ॲसिटोन फ्री’ लिहिलेलं बघून हुरळून जाऊ नका, त्यात बहुतेक वेळा इथाइल ॲसिटेट असतं आणि तेही एबीएसला खातं. पेट्रोलही नको. प्लास्टिकला बाधतं, मागं डाग आणि वास ठेवतं, आणि घरात उघडं ठेवणं सरळ धोक्याचं आहे.

आता चिकटा ओळखा, कारण सगळे चिकटे एका औषधाला दाद देत नाहीत. तार सुटणारा आणि कडक काचेसारखा झालेला, हे दोन्ही जुने गोंदच, पण वेगळ्या तऱ्हेनं बिघडलेले. रबराच्या गोंदात रबराबरोबर चिकटपणासाठी राळ घातलेली असते. वर्षं गेली की हवेनं ती पिवळी पडते आणि शेवटी ठिसूळ होते. तुमची सेलोटेप बहुधा त्यातली. तिला तेलकट वर्गातलं द्रव्य लागतं, म्हणजे लायटर फ्लुइड किंवा साधं खोबरेल. खाकी टेपचा गोंद बहुतेक ॲक्रिलिक. तो तेलानं भिजून सुटतो आणि आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, फुगून गोळा होतो. कोणता आहे कळत नसेल तर कापसाच्या एका काडीला आयपीए, दुसरीला तेल लावा आणि शेजारीशेजारी दहा सेकंद घासा. जिथं चिकटा गोळा व्हायला लागेल ते तुमचं औषध.

पिवळ्या कॅसेटवर खाकी टेपचा थर असा काढा. आधी कोरडं काम. ड्रायर मध्यम उष्णतेवर, १५-२० सेंटिमीटर लांब धरून वीस-तीस सेकंद फिरवा. कवच हाताला गरम लागावं, पण धरवेल इतपतच. उरलेला पापुद्रा सावकाश ओढा. मग त्याच खाकी टेपचा नवा तुकडा चिकट्यावर दाबून झटक्यानं उचला, असं आठ-दहा वेळा. निम्मा चिकटा नव्या टेपला लागून येतो आणि पुढं द्रव्य कमी लागतं. हीट गन मात्र आणू नका, तिची हवा ३०० अंशांच्या वर जाते आणि एबीएस शंभरीच्या आसपासच मऊ पडतं.

उरलेल्या थरावर खोबरेल चोपडा आणि वीस-तीस मिनिटं विसरून जा. नंतर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं एकाच दिशेनं लोटा. काळा, धुळीचा लोळ पुढं जमा होत जाईल, प्रत्येक फेरीनंतर कार्ड पुसा. मागंपुढं घासलंत तर तोच लोळ पुन्हा पसरतो. शेवटी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तेल काढा आणि आयपीएनं एक हात फिरवा. तेल राहिलं तर महिन्याभरात त्यावर पुन्हा धूळ बसते. डब्ल्यूडी-४० वापरलं तरी हे शेवटचं पुसणं चुकत नाही.

आयपीए ९९ टक्क्यांचा घ्या, कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडं मिळेल. पण सुट्या बाटलीवर डोळे झाकून विश्वास नको, ‘पीसीबी क्लीनर’ म्हणून काहीही भरलेलं असतं. एक थेंब पॅकिंगच्या थर्मोकोलवर टाका. शुद्ध आयपीए काही करत नाही. खड्डा पडला तर आत थिनर आहे, बाटली परत करा. थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच, त्यामुळं ही परीक्षा तुमच्या स्वस्त कॅसेटनाही लागू पडते. निलगिरीचं तेल गोंद फार छान सोडवतं, पण या परीक्षेत नापास होतं. म्हणून ते कॅसेटवर नकोच. हँड सॅनिटायझरही नको, त्यातल्या ग्लिसरीननं नवा चिकटा तयार होतो.

फोमच्या टेपला खालून डेंटल फ्लॉस घालून करवतीसारखा ओढत कापा. फोम निघाला की उरलेला थर अंगठ्यानं रेटून गोळ्या करा, राहील त्याला खोबरेल. प्लास्टिकवरचा मार्कर आयपीएनं जातो. लेबलवरच्या मार्करला हात लावू नका, त्याच्याबरोबर छपाईचा रंगही येतो.

आणि कुठलंही द्रव्य असो, पहिला थेंब कवचाच्या आतल्या बाजूला किंवा पिनांजवळच्या दांड्यावर. पाच मिनिटांनी नखानं बघा. मऊ किंवा चिकट लागलं तर ते द्रव्य त्या कॅसेटसाठी बाद.

लेबल_जपा

वरचं सगळं प्लास्टिकसाठी बरोबर आहे. लेबलवर डकवलेल्या गोल स्टिकरला यातली एकही पद्धत जशीच्या तशी लावू नका. इथं दोन कागद आणि दोन गोंद एकमेकांवर आहेत, आणि तुम्हाला फक्त वरचा गोंद सोडवायचाय.

म्हणूनच लेबलवर ड्रायर नको. उष्णता वरचा आणि खालचा गोंद दोन्ही एकदमच मऊ करते. स्टिकर ओढताना मूळ लेबलच कोपऱ्यातून उठतं आणि उठलेली सुरकुती पुन्हा सपाट बसत नाही. पाणी नको, कागद फुगतो. आयपीए नको, त्यानं चकाकीचा थर आणि शाई दोन्ही हलतात. तेल तर नाहीच.

इथं लायटर फ्लुइड. चाकाच्या लायटरमध्ये कापसावर ओततात ते पातळ, नॅफ्था जातीचं. पानटपरीवर लायटर भरायचा म्हणून जो दाबाचा डबा देतात तो गॅस असतो, तो उपयोगाचा नाही. नीट बघून घ्या, गरज पडली तर ऑनलाइन मागवा. नॅफ्थानं कागद फुगत नाही, छपाईची शाई सहसा हलत नाही आणि ते मागं काही न ठेवता उडून जातं. ओलं असताना कागद पारदर्शक दिसतो. घाबरू नका, वाळला की पूर्ववत होतो. ‘सहसा’ म्हणालो, म्हणून आधी लेबलच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यावर कापसाची काडी टेकवून बघा. काडीवर रंग आला तर त्या कॅसेटचा स्टिकर आहे तसा राहू द्या. नंबराच्या स्टिकरसकट शाबूत लेबल हे अर्ध्या फाटलेल्या लेबलापेक्षा कितीतरी चांगलं.

नंबराचा स्टिकर साध्या कागदाचा असेल तर ड्रॉपरनं त्याच्या मधोमध एक थेंब सोडा. कागद थेंब पिऊन गडद होईल. वीस सेकंदांनी कडेला दुसरा थेंब. वर प्लास्टिकचा चकाकीचा पापुद्रा असेल तर थेंब मोत्यासारखा वरच राहतो, आत जात नाही. मग सुईच्या टोकानं फक्त त्या पापुद्र्यावर हलक्या चिरा द्या. टोक खाली जाऊ देऊ नका. पूर्ण प्लास्टिकचा स्टिकर असेल तर कडेनंच थेंब द्यावा लागतो.

अर्ध्या मिनिटानं कोपरा नखानं किंवा लाकडी टूथपिकनं उचला. धातूचं काही नको. कोपरा सुटला की तो वर, आभाळाकडं ओढू नका. मागं दुमडा आणि लेबलला जवळजवळ चिकटून, सपाट, मागच्या दिशेनं ओढा. वर ओढलं तर जोर लेबलच्या कागदावर येतो आणि त्याचे तंतू उपटले जातात. सपाट ओढलं तर जोर गोंदाच्या रेघेवर पडतो. अडल्यासारखं वाटलं की थांबा, त्या रेघेवरच अर्धा थेंब, पुन्हा दहा सेकंद. एका स्टिकरला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढी द्याच.

स्टिकर अर्धा लेबलवर आणि अर्धा प्लास्टिकवर असेल तर सुरुवात लेबलच्या आतल्या बाजूनं करून बाहेर, प्लास्टिककडं या. उलट गेलात तर वाटेत लेबलची कड लागते आणि तीच आधी उठते.

चिकटा लेबलवर राहिला तर काडी नॅफ्थात बुडवून, झटकून, टेकवत फिरवा, घासू नका. प्रत्येक वेळी काडीची स्वच्छ बाजू वापरा. लेबलच्या कडेला द्रव्य साचू देऊ नका, तिथून ते मूळ गोंदात शिरतं. सध्या हवा ओली आहे, नॅफ्था उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो. म्हणून प्रत्येक कॅसेट पंख्याखाली पंधरा मिनिटं पूर्ण वाळू द्या आणि मगच डब्यात ठेवा. घाई नसेल तर लेबलचं काम पाऊस उघडल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. कागद तेव्हा ताठ असतो.

उद्यमनगर_केमिकल

लेबल_जपा यांच्या पोस्टला एक जोड. नॅफ्था आणि आयपीए दोन्ही पटकन पेट घेतात. नॅफ्थाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. स्वयंपाकघरात, देवघराशेजारी, उदबत्ती चालू असताना हे काम नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा द्रव्य लावलं की त्या टेबलावर ड्रायर नाही. ड्रायरचं काम सगळ्या कॅसेटचं आधी उरका, ड्रायर दुसऱ्या खोलीत ठेवा, मग बाटली उघडा. खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे मोजे. भिजलेला कापूस बाहेर उघड्यावर वाळवून मग कचऱ्यात.

शाहूपुरी_कॅसेट

दादा, थर्मोकोलची परीक्षा केली, पहिली बाटली नापास झाली, दुसरी घेतली. तुम्ही सांगितलं तसं पिवळ्या कॅसेटवर खोबरेल आणि कार्डानं काम झकास होतंय. नंबराचे स्टिकरही नॅफ्थानं सुटतायत.

दोन शंका. गेम बॉयच्या एका करड्या कॅसेटच्या मागं टेप काढल्यावर चौकोनी फिकट ठसा दिसतोय, कितीही पुसला तरी जात नाही. आणि मेगा ड्राइव्हच्या काळ्या कवचावर धुरकट पांढरा पट्टा राहिलाय. ओला असताना दिसत नाही, वाळला की परत येतो. मॅजिक स्पंजनं घासू का?

उद्यमनगर_केमिकल

स्पंज खाली ठेवा. तो मेलामाइनचा फोम असतो, म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपरच. काळ्या कवचावर चकाकीत कायमचा फरक पडेल.

करड्या कॅसेटवर बहुधा चिकटा नाहीच. बाकीचं प्लास्टिक उजेडानं पिवळसर झालंय आणि टेपखालचा भाग झाकलेला राहिल्यामुळं मूळ रंगाचा आहे. डोळे मिटून बोट फिरवा. कड लागली नाही आणि उजेडात तिरकं धरल्यावर चकाकी सारखीच दिसली तर हा नुसता रंगातला फरक आहे. घासून तो जाणार नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून उन्हात ठेवायची पद्धत आहे, पार्लरमध्ये केसांसाठी वापरतात ती १२ टक्क्यांची. पण क्रीम मध्येच वाळली तर पट्टे उठतात, लेबलवर गेली तर रंग उडतो, आणि कवच पूर्ण सुटं करावं लागतं. एका ठशासाठी माझा सल्ला नाही. मुळातच पिवळ्या रंगाच्या कॅसेटवर तर कधीच नको, तो रंग प्लास्टिकचा स्वतःचा आहे.

काळ्याचं दोनपैकी एक असेल. ओलं केल्यावर दोन्ही प्रकार नाहीसे होतात, म्हणून त्यावरून कळत नाही. कोरडी कापसाची काडी पट्ट्यावरून हलकी ओढा. काडी अडखळली, तंतू चिकटले, बोटाचा ठसा उमटला, तर तो विरघळून पातळ पसरलेला गोंद आहे. हे बऱ्याचदा होतं, कारण एकच कापूस पुन्हा पुन्हा फिरवला जातो. नवीन कापूस, नॅफ्था, एक ओढ, कापूस फेका, पुन्हा नवीन. चार-पाच कापसांत जाईल. काडी गुळगुळीत सरकली आणि तरीही धुरकटपणा राहिला, तर पृष्ठभागच खाल्ला गेलाय. ती पहिली, नापास झालेली बाटली या कॅसेटला लागली होती का, ते आठवून बघा. तसं असेल तर आता काही लावू नका. सिलिकॉनचं पॉलिश चोपडून काही दिवस झाकता येतं, पण ते पिनांकडं सरकतं.

पिन_आणि_स्क्रू

कवच झालं की पिना बघाच. खोबरेल लावलेल्या कॅसेटमध्ये तेल खालच्या फटीतून पिनांपर्यंत पोचतं आणि मग गेम दिसत नाही म्हणून लोक कॅसेट मेली समजतात. काम करताना पिनांच्या तोंडाला कोरडा टिश्यू घडी करून कोंबून ठेवा. तोंड खाली करून कधीही द्रव्य लावू नका.

पुसायला ९९ टक्के आयपीए आणि कापसाची काडी, पिनेच्या लांबीच्या दिशेनं. आडवी फिरवली तर तंतू पिनांच्या कडांत अडकतात. काडी काळी यायची थांबेपर्यंत बदलत राहा. खोडरबरनं कचाकचा घासायची पद्धत सोडा, मुलामा फार पातळ असतो. पाच-दहा मिनिटं वाळल्याशिवाय मशीनमध्ये घालू नका.

उघडायची वेळ आलीच तर गेम बॉयच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे तिच्या खास स्क्रूला बसणारं पान्याचं टोक, लागतो. सेट घेतला तर ३.८ आणि ४.५ दोन्ही येतात. पक्कड किंवा वितळवलेलं पेनचं टोपण घालून स्क्रू फिरवू नका, डोकं गोल होतं. पिवळ्या बहुतेक नुसत्या खाचांवर बसलेल्या असतात. काहींना लेबलखाली स्क्रू असतो. बोटानं दाबून खळगा लागतो का बघा, लागला तर ती उघडू नका, लेबल भोसकावं लागेल. आणि ज्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह होतो तिच्यात बहुतेक वेळा बटणासारखा सेल असतो. तसलं काही पाण्यात बुडवायचं नाही.

शाहूपुरी_कॅसेट

काळ्याचा पट्टा गोंदच निघाला, नव्या कापसानं गेला. करडीचा ठसा तसाच ठेवतो. शेवटचं एक, आता माझ्या यादीसाठी नंबर टाकायचे आहेत, ते कुठं?

लेबल_जपा

कॅसेटवर कुठंच नाही. चेनची पारदर्शक पिशवी घ्या, नंबराची चिठ्ठी पिशवीच्या आत, मागच्या बाजूला. पिशवी पीव्हीसीची नको, पॉलिथिनची घ्या. मऊ पीव्हीसीतलं तेलासारखं द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर येतं आणि लेबलला चिकटतं. सोबत सिलिका जेलची एक पुडी टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला.

शाहूपुरी_कॅसेट

पॉलिथिनच्या घेतो. धन्यवाद मंडळी, उरलेली लेबलं दिवाळीनंतर काढतो.